पस्तीसची रेघ

उंदीरवाडे बाईंचा विषय निघाला की लोक आधी चेहरा पाडतात आणि मग हळूच विचारतात, "कधी गेल्या?" मला भयंकर संताप येतो. बाई कुठेही गेलेल्या नाहीत. कुरखेड्यात आपल्या घरी आहेत, आणि तुम्ही असं विचारलंत हे त्यांना कळलं तर तुमची चांगली हजेरी घेतील. पण कॅन्सर हा शब्द कानावर पडला की लोकांना पुढची सगळी वाक्यं भूतकाळातच सुचतात, त्याला काय करणार? मीही यापुढे भूतकाळातच लिहिणार आहे. त्याचं कारण एवढंच की माझी बदली एटापल्लीला झाली आणि बाईंच्या शेजारी राहण्याचे माझे दिवस संपले.

मी मूळची घुग्घुसची. वडील कोळसा खाणीत, त्यामुळे धूळ आणि ट्रक यांच्याशी लहानपणापासून ओळख; जंगलाशी नाही. कुरखेड्याच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा बाई तिथे गणित शिकवत होत्या, आणि त्यांच्याच घराची मागची खोली मला भाड्याने मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या वर्गावरून जात होते. आठवीचा नवा वर्ग होता. बाईंनी फळ्यावर ठळक अक्षरात आपलं आडनाव लिहिलं, उंदीरवाडे. मुलांचे खांदे हलायला लागले. कुणीतरी तोंडात रुमाल कोंबला. बाईंनी हात उचलून घड्याळ पाहिलं. घड्याळ पुरुषी, मोठ्या तबकडीचं, आणि तबकडी नेहमी मनगटाच्या आतल्या बाजूला.

"हासून घ्या," त्या म्हणाल्या. "एक मिनिट देते."

वर्ग असा काही फुटला की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात आले. बाई घड्याळावर नजर ठेवून शांत उभ्या. मिनिट झाल्यावर त्यांनी खडू उचलला. "झालं? आता वर्षभर नाई." आणि वर्षभर खरोखरच कुणी हसलं नाही. एका मुलाने मधल्या सुट्टीत भिंतीवर उंदीर काढला होता. बाईंनी त्याला बोलावून त्या उंदराच्या शेपटीची लांबी मोजायला लावली, मग सेंटिमीटरचे मिलिमीटर करायला लावले.

गणित त्या पुस्तकी भाषेत शिकवायच्या. "समजा, एका आयताची लांबी..." असं अगदी स्वच्छ. घरी आणि राग आला की मात्र इकडच्या झाडीबोलीत शिरायच्या. त्यामुळे वर्गात बाई "काऊन बे", म्हणजे 'का रे', म्हणाल्या की मुलं आधी पाय जवळ घेत.

आमच्याकडे पस्तीसला पास. अठ्ठावीस ते चौतीसमध्ये अडकणाऱ्या मुलांना बाई 'काठावरचे' म्हणत. बाकीचे आम्ही मास्तर लोक अशा पोरांना लागतील तेवढे मार्क देऊन मोकळे होत असू. खोटं कशाला बोलू, मीही दिलेत. बाईंनी कधी अर्धासुद्धा दिला नाही. "मार्क नाई देणार. तास देईन," म्हणायच्या, आणि उन्हाळाभर आपल्या अंगणातल्या आंब्याखाली बसायला तट्टपट्ट्या टाकून काठावरच्यांना शिकवायच्या. मोहाचे दिवस असले की पोरं फुलं वेचून येईपर्यंत थांबायच्या. तेंदूपत्त्याच्या दिवसांत तास संध्याकाळी, पानांचे पुडे बांधून झाल्यावर. फुकट शिकवायच्या, पण गैरहजर राहिलं की घरी येऊन आईबापांसमोर खरडपट्टी काढायच्या.

या काठावरच्यांपैकी एक देवराव नैताम. माझ्या येण्याच्या कितीतरी आधीचा. नववीत त्याला गणितात तेहतीस पडले. त्याचा बाप काखेत कोंबडा घेऊन बाईंच्या दारात आला, की बाई, दोन मार्काचा तर सवाल आहे. बाईंनी सांगितलं, "कोंबडा घरी ने. पोरगा इथी ठेव." देवराव उन्हाळाभर आंब्याखाली बसला आणि फेरपरीक्षेत एकेचाळीस मिळवून पास झाला. पुढे शिकून त्याने वडशाला रक्त तपासायची छोटी लॅब टाकली. हा कोंबड्याचा किस्सा तो स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, आणि सांगताना दरवेळी कोंबड्याचं वजन वाढतं.

बाईंचं निवृत्तीचं शेवटचं वर्ष चालू होतं तेव्हा एक दिवस त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून मला म्हणाल्या, "जेवन तं कमीच जाते, पन परकराची नाडी काऊन पुरून नाई राह्यली?" मी हसले. म्हटलं, वय झालं, सुटणारच पोट. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. अंडाशयाचा कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, मग केमोच्या सहा फेऱ्या. केस गेले, भुवयाही गेल्या. तरी शेवटच्या दोन महिन्यांसाठी त्या शाळेत परत आल्या, उघड्या डोक्याने. हेडमास्तर म्हणाले, "बाई, स्कार्फ बांधा, पोरं घाबरतील." बाई तशाच वर्गात गेल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या आणि घड्याळ पाहिलं.

"हासून घ्या. एक मिनिट देते."

कुणी हसलं नाही. मी दारात होते. बऱ्याच वेळाने पहिल्या बाकावरची एक मुलगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाई, मिनिट झालं." "मंग वह्या काढा," बाई म्हणाल्या.

उपचार संपले, पण दर तीन महिन्यांनी रक्ताची एक तपासणी मागे लागली. रक्तातला एक आकडा बघायचा. पस्तीसच्या खाली असला तर ठीक, वर गेला तर दुखणं परत आलंय का ते शोधायचं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा बाई त्यांच्यासमोरच हसायला लागल्या. डॉक्टरांना कळेना काय झालं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "जिंदगीभर पोट्ट्यायले पस्तीसच्या वर ढकललं. आता मले म्हन्तेत, पस्तीसच्या खाली राह्य!"

घरी येऊन त्यांनी आलेख काढायचा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला, पस्तीसवर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि दर तीन महिन्यांनी एकेक टिंब द्यायला सुरुवात केली. रक्त देवरावच्या लॅबमध्ये द्यायचं. तो ते नागपूरच्या मोठ्या लॅबला पाठवायचा आणि तिथून आलेले आकडे आपल्या कागदावर टाइप करून द्यायचा. अकरा पॉइंट दोन. बारा पॉइंट सहा. अकरा पॉइंट नऊ. दोन-अडीच वर्षं टिंबं अशी जमिनीलगत चालली. मग एकदम अठरा पॉइंट तीन आलं, आणि त्यानंतर एकोणतीस पॉइंट चार.

फोनवर बाईंचा मुलगा म्हणाला, आई, नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे. मीही तेच म्हटलं. बाई पट्टी घेऊन कागदासमोर उभ्या होत्या. "पास तं हाय," त्या म्हणाल्या. "पन घसरून राह्यली ना मी."

त्यानंतर दोरीवर वाळत घातलेल्या परकरांच्या नाड्यांवर मला निळ्या शाईच्या खुणा दिसायला लागल्या. गाठ रोज कुठे बसते ते बाई पेनाने टिपत होत्या. कुणाला बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पण पोटात जरा गुडगुडलं तरी वाक्य अर्ध्यावर सोडून थांबायच्या, मग आपल्यालाच दटावल्यासारखं पुढचं वाक्य मोठ्याने बोलायच्या.

मार्च संपता संपता पुढचा रिपोर्ट आला, एकतीस. मला बरं वाटलं. फार वाढलं नव्हतं. बाईंनी टिंब द्यायला पेन टेकवलं आणि तसंच उचललं.

"दशांश कुठी गेला?"

"पूर्ण एकतीसच असेल, बाई."

"एकतीस असन तं एकतीस पॉइंट शून्य असन. मशीन आळशी नसते, मानूस असते." त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चाल, बस हाय साडेदहाची."

वडशापर्यंत बाई खिडकीशी ताठ बसून राहिल्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. देवराव आम्हाला बघून उठला, नेहमीसारखा पाया पडायला वाकला. बाईंनी पाय मागे घेतले आणि रिपोर्ट त्याच्या टेबलावर ठेवला.

"नागपूरचा कागद दाखव."

देवराव चाळिशीचा माणूस. दोन पोरांचा बाप, गावात मान. त्याचे डोळे भरून आले. "बाई, तुमाले घोर लागू नये म्हनून... तीन महिन्यानं आपोआप खाली येईन, असं वाटलं मले."

"काऊन बे," बाई म्हणाल्या. लॅबमध्ये रक्त द्यायला बसलेले चार लोकही सरळ झाले. "तुले तेहतीस पडले होते. म्या दोन मार्क देल्ले काय तुले?"

"नाई, बाई."

"तुया बापानं कोंबडा आनला होता. घेतला काय म्या?"

"नाई, बाई."

"मंग मले कायले देऊन राह्यला तू? मी का कोंबडा आनला?"

खुर्चीवरची एक म्हातारी फिसकन हसली. देवराव रडता रडता खण उघडून शोधत होता. शेवटी कागद काढून बाईंच्या हातात दिला. सदतीस पॉइंट दोन. बाईंनी तो दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवत होत्या.

"तू दोन मार्कानं नापास झाला होता. मी बी दोननंच झाली," त्या म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "तू उन्हाळाभर बसला होता ना? मी बी बसीन. पन पुन्हा माह्या आकड्याले हात लावजो नोको. जे हाय ते मले माहीत पायजे. माहा जीव हाय तो."

मग त्यांनी पाय पुढे केले. देवरावने नमस्कार केला.

नागपूरला गेलो. स्कॅन झाला, त्यात काही नव्हतं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, "आकडा बॉर्डरलाइन आहे. साध्या सुजेनेही इतका वाढतो. परत आलंय असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही आज छातीठोकपणे सांगता येत नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त बघू."

"म्हणजे काठावर," बाई म्हणाल्या.

ते सहा आठवडे मी विसरणार नाही. आजारापेक्षा ते मधलं वाट पाहणं वाईट. डॉक्टर काही करत नाहीत, औषध नाही, पथ्य नाही, नुसतं कॅलेंडर. बातमी गावात फुटलीच. बायका गव्हांकुराचा रस, कुणाकुणाचा अंगारा, कुठल्याशा झाडाची साल घेऊन यायला लागल्या आणि "बिचारी" असा चेहरा करून बसायला लागल्या. बाईंनी नामी उपाय काढला. जो सांत्वनाला येईल त्याच्या हातात काठावरच्या पोरांच्या वह्या द्यायच्या आणि बेरजा तपासायला बसवायचं. पलीकडच्या गल्लीतली एक बाई "आता आराम करा, बाई, किती करसान" म्हणत आली आणि अपूर्णांकाची बावीस गणितं तपासून डोकं धरून गेली. आठवड्याभरात सांत्वन बंद पडलं.

चौदा एप्रिलला डॉक्टरांचा, मुलाचा, माझा, सगळ्यांचा विरोध मोडून त्या पांढरी साडी नेसून जयंतीच्या मिरवणुकीत निघाल्या. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी छत्री धरून मागे मागे. विहारापासून बसस्टँडापर्यंत आणि तिथून परत. मी म्हटलं, "बाई, अर्ध्यातून फिरू या." त्या म्हणाल्या, "मी अर्ध्यातून फिरनारी असती तं माह्या मायनं शाळेतच नसती घातली मले." घोषणा देऊन देऊन दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला होता.

आणि तरीही एका दुपारी, भाजी निवडायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, तर बाई त्या कागदासमोर जमिनीवर बसल्या होत्या. बोट शेवटच्या टिंबावर. मला बघून उठल्या नाहीत.

"भेव वाटून राह्यलं मले," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या लॅबात जाऊन आजच पाहू का? रोज पाहू का? केस गेले तवा एवढं नोतं वाटलं. तवा माहीत होतं, काय हाय ते."

मी हातातली मेथी बाजूला ठेवली. त्यांच्याजवळ खाली बसले. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले. मिनिट झाल्यावर नाक पुसून म्हणाल्या, "ती मेथी जून हाय. काड्या नोको ठेवजो."

दुसऱ्या लॅबात त्या गेल्या नाहीत. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. बेचाळिसाव्या दिवशी, तारखेला, देवरावकडे जाऊन रक्त देऊन आल्या.

तोवर तेंदूचा हंगाम भरात होता. त्याच आठवड्यात माझी बदलीची ऑर्डर आली. दोन दिवसांनी मला एटापल्लीला निघायचं होतं आणि संध्याकाळी खोलीच्या दारात बसून मी भांडी पोत्यात बांधत होते. समोर आंब्याखाली काठावरच्यांचा तास चालू होता. पोरं पहाटेपासून जंगलात पानं तोडून, दुपारी पुडे बांधून आलेली; बोटं काळी पडलेली, डोळे पेंगुळलेले. तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. देवराव. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला, हातात बंद पाकीट. वडशाहून फोन करायचा सोडून तो स्वतः आला होता.

मी हातातली परात खाली ठेवली.

देवराव अंगणाच्या कडेला उभा राहिला. "येऊ का, बाई?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "तास सुटाले वीस मिनिटं हायेत. मागं बस."

आणि तो बसला. शेवटच्या तट्टपट्टीवर, पोरांच्या मागे, मांडी घालून, पाकीट मांडीवर धरून. मला वाटत होतं, धावत जावं आणि ते पाकीट हिसकावून फोडावं. बाई मात्र फळ्याकडे वळल्या. पाठ ताठ. फक्त खडू दोनदा मोडला.

"समजा," त्या पुस्तकी भाषेत म्हणाल्या, "एका पुड्यात सत्तर पानं असतात. तर अर्ध्या पुड्यात किती?"

हे गणित पोरांच्या बोटांतच होतं. सगळी एकदम ओरडली, "पस्तीस!"

मागे देवराव असा दचकला की पाकीट खाली पडलं.

बाईंनी अपूर्णांकाचं ते गणित पुरं केलं. मग आणखी एक. एकाला उभं करून त्याच्याकडून सोडवून घेतलं. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. मग पदराला हात पुसले आणि हात पुढे केला. पाकीट फाडलं, कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"बाई, खरं सांगतो," देवराव घाईघाईने बोलायला लागला. दोन्ही हात जोडलेले. "म्या काई केलं नाई. नागपूरचाच कागद हाय तो, जसाच्या तसा. मलेबी खरं नाई वाटलं, म्हनून म्या त्यायले दोनदा फोन केला. पोरायची शप्पथ, बाई!"

मी उठून जवळ गेले होते. बाईंनी कागद माझ्यापुढे धरला. आकडा खाली आला होता, आणि थांबला कुठे होता? पस्तीस पॉइंट शून्य.

धड पास म्हणता येईना, धड नापास म्हणता येईना. बरोबर रेघेवर. पुन्हा तीन महिने, पुन्हा रक्त, पुन्हा हेच सगळं. बाई त्या आकड्याकडे बघत होत्या. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा.

"दशांश टाकला बाप्पा या खेपेले," त्या म्हणाल्या.

मग पोरांकडे वळल्या. पोरं दप्तरं उचलून उभी, काय झालं कुणालाच माहीत नाही. बाईंनी हात उचलला, मनगट पुढे केलं.

"पोट्टेहो, हासून घ्या. एक मिनिट देते."

पहिल्यांदा हसल्या त्या बाईच. पोट धरून, आंब्याच्या खोडाला टेकून. मग देवराव, मग मी, मग कशाला हसतोय हे न कळता ती सगळी काळ्या बोटांची पोरं. फाटकाबाहेरून जाणारे लोक थांबून बघायला लागले. कुरखेडा सोडताना मी बाईंना मनात घेऊन गेले ते असं. मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं, आणि बाईंनी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं.